फिंतासचा तह

माझा इंग्रजांवर राग नाही. प्रशियाच्या फ्रेडरिक राजावर तर मुळीच नाही, तो कधीच मरून माती झाला. मला किळस येते ती आमच्या अलीकडच्यांची. इतकी वर्षं उलटली, रुपये जाऊन कुवेतचे दिनार आले, तरी जुम्याच्या दुपारी त्यांच्या पंगतीत बसायची वेळ आली की मी काहीतरी निमित्त काढून टाळतो.

अलीकडचे म्हणजे आमचेच लोक. आमच्या गावाला खाडी आहे. तिच्या अलीकडच्या काठावर आमची मशीद, पलीकडच्या काठावर त्यांची, आणि मध्ये तरीचं एक होडकं. आमच्या आजोबा-पणजोबांच्या काळात मासळी वाळत घालायच्या जागेवरून दोन्हीकडची डोकी फुटली होती. तेव्हापासून आम्ही त्यांना मुली देत नाही आणि ते आमच्या मय्यतीला येत नाहीत. ही भाऊबंदकी लोकांनी ट्रंकेत भरून कुवेतपर्यंत आणली. एकोणीसशे अठ्ठावन्न साली दोन्ही काठांचे लोक कुवेतमधल्या फिंतासला एकाच कंत्राटदाराकडे कामाला होते. जवळच्या अहमदीच्या तेलविहिरींवर काम करणारे जे गोरे साहेब एकटे राहत, त्यांना जेवू घालायचं आणि त्यांचे कपडे धुवायचे, हे कंत्राटदाराचं काम. भटारखाना अलीकडच्यांकडे, धुलाई आणि हमाली पलीकडच्यांकडे. आवार एकच. त्यात आमची खोली मातीच्या जाड भिंतींची आणि त्यांची शेड पत्र्याची. जूनमध्ये त्या पत्र्याला चुकून दंड लागला तरी फोड यायचा.

मी भटारखान्याच्या कोठारावर कारकून होतो. रत्नागिरीला बी.ए.पर्यंत पोहोचलो होतो, पण इतिहासाच्या पेपरात आपटलो, आणि सुट्टीवर गेलो की पुन्हा बसायचं ठरवलं होतं. म्हणून यूरोपच्या इतिहासाचं एक जाडजूड पुस्तक उशाशी असायचं.

आमच्या जमातीत एक रीत आहे. ज्याला वाचता येतं त्यानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. गावात मशिदीत किताब वाचतात. फिंतासला जुम्याच्या जेवणानंतर सगळे भिंतीला पाठी लावून बसले की गावाकडची पत्रं आणि महिन्याभराचं शिळं वर्तमानपत्र मी वाचायचो. ते संपलं की माझं पुस्तक काढायचो आणि आमच्या भाषेत सांगत जायचो. माझा अभ्यास व्हायचा, त्यांची करमणूक. त्या उन्हाळ्यात आमची अख्खी खोली सात वर्षांच्या युद्धात गुंतली होती.

गोष्टही तशीच होती. प्रशिया लहान मुलूख. त्याच्या फ्रेडरिक राजाला ऑस्ट्रिया, फ्रान्स आणि रशिया, तिघांनी घेरलेलं. इंग्रजांचंही फ्रान्सशी जुंपलेलं, समुद्रावर, अमेरिकेत, आपल्या हिंदुस्तानात. म्हणून सतराशे अठ्ठावन्नमध्ये लंडनला दोघांचा तह झाला. इंग्रजांनी पैसा पुरवायचा, फ्रेडरिकनं जमिनीवर लढायचं, आणि दोघांपैकी कोणीही दुसऱ्याला सोडून शत्रूशी वेगळा सलोखा करायचा नाही. तह वर्षाचाच, पण वर्ष सरलं की पुन्हा नवा करायचे.

"वा!" हारून खतीबानं मांडीवर थाप मारली. "ह्याला म्हंतात जबान. एकानं दुसऱ्याला सोडून सुलह कराची नाय. यूसुफ, हा पुन्यांदा वाच."

मी पुन्हा वाचलं. हारूनभाय आमच्यात वजनाचा माणूस. अंगापिंडानं नव्हे, घराण्यानं. आमच्या गावात निकाह असो, मय्यत असो, नाहीतर दुसऱ्या गावाशी बोलणी असोत, पहिला शब्द खतीबांच्या घरातला. बाप गावात बसून बोलायचा, मुलगा फिंतासला. भटारखान्यात तो वाढप्यांचा मुकादम होता आणि त्याचे कपडे नेहमी इस्त्रीचे असत.

"मर्द हाय तर सोताच्या पैशानं लढू दे की," मुस्तफाचाचा कोपऱ्यातून म्हणाले. ते आमचे भंडारी, म्हणजे मुख्य स्वयंपाकी. जन्म बोटीवरच्या चुलीपुढे गेलेला आणि स्वभाव त्या चुलीसारखाच धुरकट. "दुसऱ्याची लढाई आपल्या हंडीत शिजवाची कशाला? एक दिवस कंटाळा येल, मंग हंडी उतरवाल, आनी तो बिचारा उपाशी मरल. त्यापरास आदीच नाय बोलावा."

"चाचा, तुमी डरपोक हाव," हारूनभाय म्हणाला. सगळे हसले.

दारात उंबऱ्याबाहेर मजीद बसलेला असायचा. तो पलीकडचा, म्हणून आत यायचा नाही. आम्हीही कधी ये म्हणालो नाही. पण गोष्ट ऐकायला मात्र न चुकता यायचा. भटारखान्याच्या टाकीत टँकरमधून पाणी भरायचं काम त्याचं, त्यामुळे माझी त्याची रोजची बोलाचाली होती. पूर्वी गलबतावर खलाशी होता. गलबतांचा धंदा बसला तसा इकडे आला. गावाकडे त्यानं घराच्या भिंती उभ्या केल्या होत्या, वर छप्पर नव्हतं. सासऱ्यानं सांगून ठेवलं होतं, कौलं चढली की मुलगी नांदायला पाठवतो. मुलीचं नाव आमिना. मजीद ते नाव कधी घ्यायचा नाही, नुसतं 'कौलं' म्हणायचा. "औंदा कौलां चढली की झाला, यूसुफभाय." मला ते कळायचं.

आता पाण्याचं सांगतो, कारण सगळी घाण तिथेच आहे. कंत्राटदार दोन प्रकारचं पाणी आणायचा. यंत्रानं गाळलेलं गोडं पाणी भटारखान्याला, कारण ते साहेबांच्या पोटात जायचं. अलीकडचे भटारखान्यात, म्हणून आम्हीही तेच प्यायचो. धुलाईला आणि शेडला विहिरीचं मचूळ पाणी. ते पिपांत भरून उन्हात पडलेलं. वर तवंग, तळाशी गाळ, तोंडात घेतलं की जिभेवर साबण चोळल्यागत. धुळीचं वादळ, ज्याला तिथे तोज म्हणतात, ते येऊन गेलं की पिपांत चार बोटं वाळू बसायची. पलीकडचे ते फडक्यातून गाळून प्यायचे. मी एकदा चूळ भरली आणि थुंकलो. तेव्हापासून त्या शेडवरून जाताना मी दुसरीकडे बघायचो, आणि आमच्या खोलीतले सगळेच तसं करायचे.

जूनमध्ये शेडमधल्या बदरुद्दीनला हगवण लागली. म्हातारा माणूस, तीन दिवसांत डोळे आत गेले. चौथ्या दिवशी सकाळी मजीदनं टँकरची नळी भटारखान्याच्या टाकीतून काढली आणि शेडच्या पिपात सोडली. पिपं भरली, म्हाताऱ्याला तांब्याभर पाजलं, आणि मग नळी परत टाकीत टाकली. टाकी काही रिकामी राहिली नव्हती. साहेबांच्या सूपाला काही कमी पडलं नव्हतं.

कंत्राटदाराचा मॅनेजर यूनुस हा मुंबईचा. त्याला सगळे अरबीत मुदीर म्हणायचे आणि त्याला ते आवडायचं. तो आला, पिपात बोट बुडवून चाटलं, आणि मजीदला म्हणाला, "चोरी करता है? अगली बोट से घर जा." आमचे सगळ्यांचे पासपोर्ट त्याच्या कपाटात असत. मजीदचा त्यानं काढून खिशात घातला.

त्या दिवशी आमच्या खोलीला एकाएकी माणुसकीचा झटका आला. खोटं कशाला बोलू, मलाही भरून आलं. हारूनभाय उभा राहिला आणि म्हणाला, पलीकडचे असले तरी एका खाडीचे आहेत, पाण्यासाठी माणसाला हाकलतात म्हणजे काय. आमच्या जन्मात पहिल्यांदा पलीकडचे आमच्या खोलीत येऊन सतरंजीवर बसले. ठरलं ते असं. मजीदला कामावर परत घेईपर्यंत आणि शेडला गोडं पाणी मिळेपर्यंत भटारखान्याची चूल बंद, धुलाईही बंद. आणि हारूनभायनं हात वर करून सांगितलं, "त्या तहासारखा. अलीकडच्यांनी पलीकडच्यांना सोडून सुलह कराची नाय, पलीकडच्यांनी अलीकडच्यांना सोडून कराची नाय. बोला मंजूर?"

मंजूर झालं. सगळ्यांनी हात उचलून कुराणातली फातिहा पढली. आमच्यात फातिहा पढून दिलेला शब्द कागदावर लिहायची गरज नसते, आणि लिहायला सांगणं हा अपमान समजतात.

मुस्तफाचाचांनीही हात उचलले, पण शेवटी. "मी नको बोलतंय," ते म्हणाले. "ह्या लढाईत आपल्याला काय भेटनार नाय. आनी ज्यात काय भेटत नाय ती लढाई आपले लोक शेवटपरयंत लढत नाय. मी वळखतो आपल्या लोकांना. पन आता पढलाव तर पढलाव."

मग प्रश्न आला, मुदीराशी बोलायला कोणी जायचं. प्रश्न कसला, आमच्यात तो प्रश्न नसतोच. खतीब बसलेला असताना दुसरा कोण तोंड उघडणार? भांडण पलीकडच्यांचं, हाकललेला माणूस त्यांचा, पाणी त्यांच्या पिपांत नाही, पण बोलायचा मान खतीबाचा. मी म्हटलं, बरोबर शेडमधला एक जण असू द्या, निदान मजीद तरी. खोलीतले सगळे माझ्याकडे असे वळले जणू मी मशिदीत चपला घालून आलो. "खतीबाच्या बाजूला पलीकडचा उभा ऱ्हानार?" कोणीतरी म्हणालं. नवल म्हणजे पलीकडच्यांनाही ते पटलं. पिढ्यान्‌पिढ्या अंगात मुरलेली रीत. आपला शब्द दुसऱ्याच्या तोंडात देऊन ते शेडमध्ये निघून गेले.

चूल बंद झाली. पहिल्या दिवशी साहेबांनी डबे फोडून खाल्लं. दुसऱ्या दिवशी तक्रारी सुरू झाल्या आणि मुदीर घाम पुसत आवारात फिरू लागला. मळक्या चादरींचा ढीग धुलाईबाहेर वाढत चालला होता आणि त्याचा आंबूस वास आमच्या खोलीपर्यंत येत होता. आम्ही खूश. शेडमधली पोरं आमच्याकडे येऊन विड्या ओढू लागली. आणि गोडं पाणी? टाकीचा नळ कोठारात होता आणि कोठाराची किल्ली माझ्याकडे होती. मी रोज दोन डबे भरून शेडमध्ये देत होतो आणि कोणी मला अडवत नव्हतं. बदरुद्दीन उठून बसला.

मग जुम्मा आला. खोलीतल्या शेगडीवर केलेली जेवणं झाली, मजीद गोष्ट ऐकायला पहिल्यांदाच उंबऱ्याच्या आत बसला होता, आणि मी पुस्तक उघडलं. पुढचा भाग तहावर टीका करणाऱ्यांचा होता. लंडनमध्ये पत्रकं निघू लागली होती. आपला पैसा आणि आपली पोरं जर्मनांच्या लढाईत का जाळायची? आपल्याला हवं ते समुद्रावर आणि वसाहतींत मिळालंय, मग आता हे ओझं कशाला? हा फ्रेडरिक आपला कोण? असं ते विचारत होते. गादीवर नवा राजा आला, मग नवा मंत्री आला. बासष्ट साली पैसा बंद झाला. पुढच्या साली इंग्रजांनी फ्रान्सशी आपला वेगळा तह केला आणि फ्रेडरिकला त्याच्या नशिबावर सोडलं.

"थांब," हारूनभाय म्हणाला. "ते पत्रकवाले काय बोलले ते पुन्यांदा सांग."

मी सांगितलं. त्यानं पुढे वाकून, डोळे बारीक करून ऐकलं. मला वाटलं, काय गोडी लागली आहे ह्याला इतिहासाची! मी तर उत्साहानं आणखी दोन पानं सांगितली.

"मंग त्यानला कोनी काय केला नाय?" त्यानं विचारलं. "इंग्रजांना? शब्द मोडला म्हनून?"

"काय करणार? फ्रेडरिकनं आयुष्यभर शिव्या घातल्या. इंग्रजांचं राज्य वाढतच गेलं."

"हां," हारूनभाय म्हणाला आणि भिंतीला टेकला.

रविवारी तो मुदीराच्या ऑफिसात गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. परत आला तेव्हा त्याच्या हातात थंड सरबताची बाटली होती. ती अर्धी प्यायलेली होती. मी ती बाटली विसरू शकत नाही. इतर सगळं मी एखाद्या वेळी माफ करीन.

त्यानं दार लावून घेतलं, म्हणजे शेडमधल्या कोणाला ऐकू जाऊ नये. मग सांगितलं. अलीकडच्यांना विटांच्या नव्या खोल्या, पंख्यासकट. त्याला बढती आणि बायकोला आणायची परवानगी, राहायला वेगळं घर. शेडच्या पाण्याचं 'बघू'. मजीद मात्र जाणार. मुदीरनं सांगितलंय, एक तरी माणूस गेला नाही तर कंत्राटदारापुढे त्याचं नाक कापलं जाईल.

"आणि तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"काय बोलनार? चूल उद्या पेटंल."

"फातिहा पढलोय आपण."

"यूसुफ," तो समजुतीच्या सुरात म्हणाला, जसा बाप पोराशी बोलतो, "तूच तर वाचून दाखवलास. येवडे शिकलेले लोक, येवडा मोटा मुलूख, त्यानला पन कळला की दुसऱ्याच्या लढाईत आपला घर जाळाचा नसतो. आपन त्यांच्यापेक्षा शाने हाव काय? आपल्याला भेटाचा ते भेटला. मजीद आपला कोन? पलीकडचा."

माझं पुस्तक, माझ्याच तोंडचे शब्द, त्यानं जिभेवर घोळवून माझ्याच अंगावर थुंकले. आणि खोलीतली माणसं, ज्यांनी चार दिवसांपूर्वी शेडमधल्या पोरांच्या खांद्यावर हात टाकले होते, ती माना हलवू लागली. एक म्हणाला, गोड्या पाण्याची तशी सवयच नाही त्यांना. दुसरा म्हणाला, मजीदनं विचारून नळी टाकायला हवी होती. तिसऱ्यानं पंख्याला पाती किती असतात ते विचारलं. गरज सरो आणि वैद्य मरो, हे मी शाळेत फळ्यावर वाचलं होतं. ते माणसांच्या चेहऱ्यांवर कसं उमटतं ते त्या दुपारी पाहिलं. तेलकट दिसतं.

मी ओरडलो. काय काय बोललो ते सगळं आठवत नाही, पण खतीबाच्या घराण्याचा उद्धार केला एवढं नक्की. दोघांनी मला धरून खाली बसवलं. मोठे बोलताना बोलू नये, म्हणाले.

मुस्तफाचाचा उठले. "मी पयल्यापासून नको बोललो व्हतो," ते म्हणाले. "तवा तुमी मना डरपोक बोललाव. आता फातिहा पढून झाल्यावर मी चूल पेटवनार नाय." आणि ते खरंच भटारखान्याबाहेर दगडावर जाऊन बसले. चूल हारूनभायच्या चुलतभावानं पेटवली, मटण करपवलं, साहेबांनी तेही खाल्लं. तिसऱ्या दिवशी चाचा मुकाट्यानं आत आले आणि त्यांनी पळी हातात घेतली. घरी चार मुली होत्या त्यांना. मी त्यांच्यावर रागावलो नाही. पण त्या दिवसापासून मी माझं जेवण कोठारात स्टोव्हवर वेगळं शिजवू लागलो. हंडी वेगळी केली, असं आमच्यात म्हणतात, आणि ते हलकं समजत नाहीत.

पलीकडचे एकटेच दोन दिवस लढले. मग मुदीरनं सांगितलं की नवे धोबी बसऱ्याहून येताहेत, आणि तेही कामावर गेले.

मजीदला सांगायला मीच गेलो. तो शेडच्या सावलीत पिपाला टेकून बसला होता. त्याला आधीच कळलं होतं, चुलीचा धूर दिसत होता ना. मी काही बोलायच्या आत त्यानं विचारलं, "त्या राजाचा मंग काय झाला, यूसुफभाय? सोडल्यावर?"

"वाचला," मी म्हटलं. "त्याच सुमारास त्याच्या शत्रूंपैकी रशियाची राणी मेली आणि तिच्यामागून आलेला बादशहा ह्याचा भक्त निघाला. त्यानं लढाईच थांबवली."

मजीद थोडा हसला. "आपल्यासाठी कंची रानी मरनार?" मग म्हणाला, "भिंती ह्या पावसात टिकतील का नाय कोन जाने. मातीच्या हायत."

मी मुदीराकडेही गेलो. त्यानं माझं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुम्हारे खतीब ने बात की है, अब तुम कौन?" आमच्याच रितीनं त्याला ते वाक्य दिलं होतं.

मजीद निघायचा दिवस उजाडला. ट्रक आवारात उभा होता. मला वाटलं होतं, निदान त्या दिवशी तरी आमचे लोक खोलीत तोंड लपवून बसतील. छे! ते एकेक करून बाहेर आले, आणि प्रत्येकाच्या हातात पुडी.

हे समजावून सांगायला हवं. कुवेतहून जो कोणी गावी जातो, त्याच्याबरोबर बाकीचे आपापल्या घरी वस्तू पाठवतात. साबण, दुधाचे डबे, सेलची बॅटरी, पोरींना रिबिनी. नाही म्हणायची पद्धत नाही. गावात पाय ठेवला की जाणाऱ्यानं आधी घरोघरी जाऊन पुड्या द्यायच्या, मग आपल्या घरी बसायचं. ही रीत चांगली आहे, मी तिला नावं ठेवत नाही. पण ज्याला आपण हाकलून लावलं, त्याच्याच डोक्यावर आपल्या बायकांचे साबण द्यायला काय काळीज लागत असेल? ज्यांच्या काठावर पाय ठेवायला लाजायचे, त्यांचा माणूस आता हमालीला चालला. ताकापुरती आजी म्हणतात, ह्यांनी आजीला ताकासकट विकलं आणि वर मडकंही तिच्याच डोक्यावर ठेवलं.

"मजीद, जरा आमच्या घरी येवडा दे रे," एक म्हणाला. "सांबाळून ने, काच हाय," दुसरा म्हणाला. एकानं तर डोळे पुसले. शेवटी हारूनभाय आला, इस्त्रीच्या कपड्यांत. त्याच्याकडची पुडी सगळ्यांत मोठी होती. बायकोसाठी, कुबरासाठी, कापड, अत्तराची बाटली, खजुराचा डबा. "आमच्या घरी सांग," तो म्हणाला, "तयारी करून ठेव, थंडीत बोलावतो." आणि त्यानं मजीदला मिठी मारली. मी कोठारामागे जाऊन पाण्यानं तोंड धुतलं.

परत आलो तेव्हा मजीद पुड्या एका गोणपाटात नीट लावून भरत होता, काचेच्या वस्तू मध्ये, कपडे भोवती. त्यानं एकही पुडी नाकारली नाही. माझ्याकडे बघून म्हणाला, "तुमचा काय नाय, यूसुफभाय?"

"नाही," मी म्हटलं. मी त्याला कोठारातल्या गोड्या पाण्याची बाटली भरून दिली. ती त्यानं घेतली.

थंडीत कुबरा आली. ती माझी मामेबहीण, म्हणून तिनं निरोप पाठवला तेव्हा मला नाही म्हणता येईना. हारूनभायच्या नव्या घरात जुम्याचं जेवण होतं. विटांच्या भिंती, डोक्यावर पंखा, मोरीत गोड्या पाण्याचा नळ. कुबरानं सांदणं केली होती आणि गावाहून आणलेल्या सुक्या बांगड्यांचं कालवण. अलीकडचे सगळे जमले होते आणि गावच्या चवीनं खुलले होते. मुस्तफाचाचा माझ्या शेजारी बसले होते. कुबरा डोक्यावर पदर घेऊन वाढत होती, सगळ्यांना घरोघरची खुशाली सांगत होती, आणि त्यात तिला आठवण झाली.

"तो पलीकडचा मजीद, लय भला मानूस," ती म्हणाली. "तरीतून दोन फेऱ्या मारल्यान. घरोघर जाऊन पुड्या दिल्यान. कोनाची रिबीन पन इकडची तिकडं झाली नाय. आमच्या दारात आला तवा घामानं नुसता निथळत व्हता. मी तांब्या भरून पानी दिला. हात लावलान नाय. बोलला, वयनी, मिळाला ना सगळा? मंग येतो. खळ्यात उभाच. बसला पन नाय." तिनं भांडं खाली ठेवलं. "मना लय वाईट वाटला. आपल्या दारातना तहानलेला मानूस कवा गेलाय? त्येचा घर अजून बोडकाच हाय म्हंतात. एक भिंत पावसात बसली. बायको माहेरीच ऱ्हायली. तुमचा कोनाचा काय बिनसला व्हता काय त्येच्याशी?"

पंखा फिरत होता.

"नाय, नाय," हारूनभाय म्हणाला. "पलीकडचे तसेच. माजोरी जात."

"माजोरी मानूस घरोघर पुड्या देत फिरतो काय?" कुबरा म्हणाली.

मुस्तफाचाचांनी ताटातलं सांदण मोडलं, पण तोंडात घातलं नाही. "तुजा पानी गोडा व्हता ना पोरी," ते म्हणाले, "म्हनून नसेल घेतलान."

"म्हंजे?" ती म्हणाली. तिनं नवऱ्याकडे बघितलं, मग आमच्या सगळ्यांकडे.

"यूसुफ, वाच रे काय तरी," हारूनभाय घाईनं म्हणाला. "लय दिवस झाले."

"पुस्तक आणलं नाही," मी म्हटलं.

कुबरा अजून उत्तराची वाट बघत उभी होती. मग काही सुचेना म्हणून तिनं तांब्या उचलला आणि पंगतीला पाणी वाढायला लागली. माझ्यापाशी आली तेव्हा मी पेला पालथा घातला. चाचांनीही घातला. बाकीच्यांनी पेले पुढे केले, तिनं ते काठोकाठ भरले, आणि ते सगळं पाणी ते प्यायले.